चौथ्या पेरापासून पिवळं

१

मंगळवारी सकाळी शेडच्या दारात एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवलेलं दिसलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोक्यात सुल्माचा एप्रन होता, तिचे रबरी बूट होते, चष्म्याची डबी होती. वर चिकटपट्टीने कागद लावला होता. ‘सभासद सुल्मा सिल्व्हेरा यांना शनिवारच्या सभेचा निर्णय होईपर्यंत शेडमध्ये प्रवेश नाही. अध्यक्ष.’

अध्यक्ष म्हणजे एल्बिओ लारान्यागा. ज्या बाईबरोबर एकाच छताखाली तीस वर्षं काम केलं, तिचं कपाट या माणसाने भल्या पहाटे येऊन उपसलं होतं.

पुएर्तो सेइबोची कापडगिरणी बंद पडली तेव्हा आम्ही एकोणीस जणांनी सूतकताईची शेड मागून घेतली आणि सहकारी संस्था काढली. जिथे चात्या फिरायच्या तिथे आता लोखंडी घोड्यांवर पन्हळी आहेत, वर दिवे आहेत आणि पन्हळींतून वाहणाऱ्या पाण्यात बेझिल, म्हणजे चटणीची गोड तुळस, वाढतं. माती नाही, ऊन नाही, पाऊस नाही. रोपाला जे काही खायला मिळतं ते माणूस पाण्यात कालवून देतो. ते कालवायचं काम सुल्माचं.

आणि त्या बेझिलच्या सहाच्या सहा रांगा आता पिवळ्या पडल्या होत्या. दर महिन्याच्या एकोणतीस तारखेला आमच्याकडे घरोघर न्योकी, बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्या, होतात, खानावळीही त्यावर बेझिलची हिरवी चटणी घालतात. त्या दिवसाची कोलोनिया शहराची सगळी मागणी हातची गेली होती.

एल्बिओ आत, दिव्यांच्या गुलाबी उजेडात उभा होता. काखेत थर्मास, हातात येर्बाचा, म्हणजे आमच्या कडू पाल्याच्या काढ्याचा, नळीवाला तुंबा. त्याशिवाय त्याला कुणी पाहिलेलं नाही. बहुतेक आईच्या पोटातूनही तो तसाच आला असावा.

“हे खोकं कुणी भरलं?” मी विचारलं.

“मी. निबिया, सकाळी सकाळी भांडू नकोस.”

“मग किती वाजता येऊ भांडायला?”

त्याने थर्मासचं बूच काढलं, खिशातून धातूची काडी असलेला छोटा थर्मामीटर काढून पाण्यात बुडवला, आकडा पाहिला, बाटलीतलं थोडं गार पाणी आत ओतलं आणि मग तुंबा भरला. हे सगळं इतक्या शांतपणे चाललं होतं की मला तो थर्मास त्याच्या डोक्यावर रिकामा करावासा वाटला.

“इंजिनिअर बाईंना पानांचे फोटो पाठवले होते,” तो नळी ओढत म्हणाला. “नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. त्या म्हणाल्या, लोह कमी पडलंय. लोहाची लाल पूड कुठे असते? भांडाराच्या कपाटात. किल्ली कुणाकडे? सुल्माकडे आणि भांडारपाल आदेमारकडे. पाण्यात कोण घालतं? सुल्मा. आणि तिच्या परसातलं लिंबाचं झाड पाहिलंस का? गेल्या वर्षी कावीळ झाल्यासारखं होतं, आता रंग दिल्यासारखं हिरवं आहे. एप्रनच्या खिशात लाल डाग आहेत. अजून काय फोटो काढून हवा?”

“तू तिला चोर म्हणतोयस?”

“मी काही म्हणत नाही. शनिवारी सभा म्हणेल.”

सभा काय म्हणणार ते उघड होतं. दोन दिवसांत त्याने गावभर ही गोष्ट पोहोचवली होती.

मी निबिया तेचेरा. सव्वीस वर्षं गिरणीत कापड तपासनीस होते. उजेडाच्या टेबलावरून ठाण सरकताना दोष दिसला की तो कुठल्या मागाचा आणि कुठल्या पाळीचा, हे मी सांगायचे. विणकर मला शिव्या द्यायचे, पण चुकले आहे असं कुणी दाखवलं नाही. गिरणीत एक नियम होता: दोष सापडला तर आधी ठाण बघायचं, माणूस नंतर.

“शनिवारपर्यंत वेळ आहे ना?” मी म्हटलं. “मग मी ठाण बघते.”

“बघ की,” एल्बिओ म्हणाला. पण नळी तोंडात तशीच राहिली होती आणि तो ओढायचं विसरला होता.

२

सुल्माच्या घराच्या खिडक्या भरदुपारी बंद होत्या. ती स्वयंपाकघरात हात टेबलावर ठेवून बसली होती. रडत नव्हती, आणि तेच मला बघवेना.

“समोरची ओदिला मला बघून रस्ता ओलांडून गेली,” ती म्हणाली. “तिच्या पोराच्या बारशाला मी केक केला होता.”

“ओदिलाला जाऊ दे खड्ड्यात. मला सांग, लोह किती घालतेस?”

“रोज मापाने. एक सपाट माप. चुकले नाही कधी.”

“लिंबाच्या झाडाला काय घालतेस?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. “तूही?”

“अगं, मी नाही विचारलं तर शनिवारी ते विचारतील. आणि त्यांना तुझं उत्तर ऐकायचं नसेल.”

“टाकी धुतल्यावर तळाला गाळ राहतो, तो बादलीत आणते. आदेमारला विचारून आणते, वर्षभर आणतेय. नाहीतर तो गटारातच जातो.” ती थांबली. “या महिन्यात गाळ जास्तच निघतोय. लालसर, गंजासारखा. तो उपसूनच खिसा डागाळला.”

मी सरसावून बसले. “आणखी काय वेगळं आहे या महिन्यात?”

“काही नाही. हां, ॲसिड कमी लागतंय. आपलं विहिरीचं पाणी कसं जड, चुनकट. आंबटपणा मोजायच्या पेनाने बघायचं आणि आकडा सहाच्या खाली येईस्तोवर ॲसिड घालायचं, असा नियम आहे. पूर्वी अर्धा मग लागायचा. आता पेन बुडवलं की आकडा आधीच सहाजवळ असतो, चार थेंबांत काम होतं. मी एल्बिओला सांगितलं. शाबासकी दिली मला. म्हणाला, ॲसिड वाचवतेस.”

“कधी सांगितलंस?”

“झाले पाचएक दिवस.” तिने टेबलावरचा एक तुकडा बोटाने गोळा केला. “निबिया, मी सत्तावन्न वर्षांची आहे. शनिवारी त्यांनी हात वर केले की मला दुसरं काम मिळायचं नाही, ते एक. पण काम गेलं तर लोकांचं शिवण शिवेन. चोर म्हणून मरायचं नाहीये मला या गावात.”

मी तिच्या खिडक्या उघडल्या. एवढंच त्या दिवशी माझ्या हातात होतं.

३

दुसऱ्या दिवशी मी जुन्या टेबलावरचं भिंग घेऊन शेडमध्ये गेले आणि पहिल्या रांगेसमोर स्टूल टाकलं. एल्बिओ लांबून बघत होता. बघू दे.

इंजिनिअर फ्लोरेंसिया दर पंधरा दिवसांनी कोलोनियाहून येते. पोरगी हुशार आहे, पहिल्याच भेटीत तिने आम्हाला एक गोष्ट शिकवली होती. काही खाद्यं रोप जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं. नत्र कमी पडलं तर खालची म्हातारी पानं पिवळी पडतात आणि शेंड्याची लेकरं हिरवी राहतात. लोहाचं तसं नाही. एकदा पानात गेलं की तिथेच राहतं. लोह मिळायचं थांबलं तर जुनी पानं हिरवीगार राहतात आणि त्यानंतर जन्मलेलं प्रत्येक पान पिवळं निघतं.

म्हणजे रोप म्हणजे ठाणच. खालून वर वाचत जायचं.

मी वाचलं. वरून मोजत आले तर पेरांवरच्या पानांच्या चार जोड्या पिवळ्या होत्या, शेंड्याकडे जास्त, खाली कमी. पाचवी जोडी ठणठणीत हिरवी. दुसरं रोप घेतलं, तिसरं घेतलं, सहाव्या रांगेपर्यंत गेले. सगळीकडे चौथ्या पेरापासून पिवळं. आमच्या दिव्यांखाली चार दिवसांत एक नवी जोडी येते. चार चोक सोळा. आज अठरा मार्च. हे दुखणं दोन-तीन मार्चला सुरू झालं होतं, एका दिवसात, सहाही रांगांत एकदम.

थोडं थोडं चोरणाऱ्याचं काम असं दिसत नाही. थोडं थोडं चोरलं तर पिवळेपणा हळूहळू चढतो. इथे कुणीतरी तोंडात घास जायचा रस्ताच एका दिवशी बंद केला होता.

मग मी रोपवाटिकेकडे गेले आणि माझं डोकंच चक्रावलं. कोपऱ्यातल्या तबकांतली पिल्लं गर्द हिरवी होती, एक पान पिवळं नाही.

“यांना कुठलं पाणी?” मी आदेमारला विचारलं. आदेमार बेन्तान्कोर भांडारपाल, मुळात कुरकुऱ्या. सुल्माच्या जागी त्याला स्वतःच्या सुनेला चिकटवायचं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून माझा त्याच्यावरही डोळा होता.

“तेच विहिरीचं,” तो म्हणाला. “सुल्मा बादलीत वेगळं कालवते.”

“लोह?”

“त्याच डब्यातलं. ती नाही म्हणून कालपासून मी कालवतोय. माझ्याकडे कशाला बघतेस अशी? सून माझी इथे यायची म्हणते, मी नाही म्हणत.”

“ॲसिड किती घालायचं ते पेनानेच बघतोस?”

“पेन टाकीपाशी दोरीला बांधलेलं असतं, ते इथपर्यंत पोहोचत नाही. बादलीला ती जुने रंगाचे थेंब वापरते, मीही तेच केलं. पिवळा रंग आला की झालं.”

तोच हात, तेच लोह, तेच पाणी. बादलीतली लेकरं धष्टपुष्ट आणि टाकीवरची आजारी. मी बाही वर केली आणि टाकीत खांद्यापर्यंत हात घातला. तळाशी मऊ चिखल लागला. बाहेर काढला तर तो विटकरी रंगाचा होता. गंज.

“आदेमार,” मी म्हटलं, “चोरीला गेलेलं लोह सापडलं.”

त्याने माझ्या मुठीतल्या चिखलाला बोट लावून पाहिलं.

४

लोह रोज टाकीत पडत होतं. पडत होतं आणि गंज होऊन तळाला बसत होतं. ताट वाढलेलं, पण घास उचलता येत नाही अशी गत. पाणी पुरेसं आंबट नसलं की असं होतं, हेही फ्लोरेंसियानेच शिकवलं होतं. मी आदेमारकडून रंगाचे थेंब घेतले आणि टाकीच्या पाण्यात टाकले. पिवळा रंग यायला हवा होता. पाणी हिरवं झालं, मग निळसर.

आणि दोरीला लटकणारं पेन सांगत होतं: पाच पूर्णांक आठ. अगदी हवं तसं.

दोघांतलं एक खोटं बोलत होतं. मी आदेमारला खानावळीतून लिंबू आणायला पाठवलं, स्वतः साबणाचं पाणी केलं, तिसऱ्या पेल्यात नळाचं पाणी घेतलं. पेन लिंबाच्या रसात बुडवलं. पाच पूर्णांक सहा. नळाच्या पाण्यात पाच पूर्णांक नऊ. साबणात सहा.

“लिंबू आणि साबण या पेनाला सारखेच,” आदेमार म्हणाला. “मेलंय की हे!”

“मेलंय. आणि मेलेल्याचं ऐकून सुल्मा चार थेंब ॲसिड घालत होती.”

“पण फेब्रुवारीत तर नवं घेतलं. पडलं असेल?”

मी भिंग लावलं. टोकाशी काचेचा इवलासा गोळा असतो, तो शाबूत होता. पडलं असतं तर तडा असता. पण काच आणि तिच्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कुंपण यांच्या फटीत एक हिरवा कण अडकला होता. बेझिलचा असेल म्हणून मी तो सुईने काढून जिभेवर ठेवला.

कडू. धुरकट कडू. तो कण मी झोपेतही ओळखला असता, आणि आमच्या गावातलं दहा वर्षांचं पोरही ओळखेल. ती येर्बा होती.

पेनाच्या पाठीवर बारीक अक्षरांची पट्टी आहे. ‘शून्य ते पन्नास अंशांच्या पाण्यातच वापरावे.’ आणि पेनाच्या काचेवर मोठ्या आकड्याखाली एक छोटा आकडा दिसतो, तो आम्ही कुणी कधी बघत नाही. तो पाण्याच्या तापमानाचा.

मी स्टुलावर बसले. कुणीतरी या पेनाने येर्बाचं पाणी मोजलं होतं. उकळतं पाणी येर्बावर ओतलं की ती जळते, चव मरते, म्हणून पाणी किती तापवायचं यावर इथे नवरा-बायकोची भांडणं होतात. पण बोटाने, कानाने, किटलीच्या आवाजाने ओळखतात लोक. आकडा कुणाला हवा असेल?

“आदेमार, महिन्याच्या सुरुवातीला कुणाला डॉक्टरने काही सांगितलंय का?”

त्याने आवाज खाली आणला. “कुणाला सांगू नकोस. एल्बिओ दोन तारखेला माँटेव्हिडिओला जाऊन आला. अन्ननलिकेत काहीतरी दिसलंय. डॉक्टर म्हणाले, येर्बा सोडत नसशील तर निदान पासष्टच्या वर पाणी नको.”

दोन तारीख. चौथं पेर.

मला त्याची कीव आली, खरंच आली. अर्धा मिनिट. मग दारातलं खोकं आठवलं. चूक कुणाच्याही हातून होते, माझ्या हातूनही ठाणंच्या ठाणं फुकट गेली आहेत. प्रश्न वेगळाच होता. त्याला ठाऊक होतं की नाही?

मंगळवारी त्याच्या हातात थर्मामीटर होता. नवाकोरा. ज्या माणसाकडे फुकटचं पेन लटकतंय, त्याने वेगळा थर्मामीटर का विकत घ्यावा?

मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराला आठवायला वेळ लागला नाही. “धातूच्या काडीचा ना? एकच होता माझ्याकडे. अकरा तारखेला नेला, बुधवारी. दुकान उघडायच्या आधी दारात उभा होता.”

अकराच्या आदल्या दिवशी, म्हणजे दहाला, फ्लोरेंसिया आमच्याकडे आली होती. मी घरी जाऊन तिला फोन लावला.

“निबियाबाई, फोटोवरून मी एवढंच म्हटलं की रोपाला लोह पोचत नाहीये,” ती घाईघाईने म्हणाली. “कुणी चोरलं असं म्हटलं नाही. पेन तपासा असंही सांगितलं होतं. अध्यक्ष म्हणाले, तपासलं.”

“पोरी, ते राहू दे. दहा तारखेला तू पेनाबद्दल काही बोललीस?”

“हो, पाठीवरची पट्टी वाचून दाखवली, सगळ्यांना. गरम पाण्यात घालू नका म्हणून.”

“कुणी काही विचारलं?”

“एकानेच विचारलं. चुकून सत्तरच्या पाण्यात गेलं तर काय होतं, म्हणून.”

“कुणी?”

तिने नाव सांगितलं. मी फोन ठेवला आणि शनिवारसाठी तीन पेले धुऊन ठेवले.

५

शनिवारी चार वाजता सभा भरली. एकोणीस खुर्च्या, त्यातल्या एका खुर्चीवर, भिंतीजवळ, सुल्मा. तिने चांगला ब्लाऊज घातला होता. तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, म्हणून मी जाऊन त्यातल्या एकीवर माझी पिशवी आपटली.

एल्बिओने ठराव वाचला. लोहाची चोरी, संस्थेचं नुकसान, सभासदत्व रद्द. मग म्हणाला, “निबियाला काही बोलायचंय. थोडक्यात बोल.”

“थोडक्यातच बोलते.”

मी टेबलावर तीन पेले मांडले. लिंबू, नळ, साबण. पेन बुडवून आकडे मोठ्याने वाचून दाखवले. कुणीतरी हसलं. मग बरणीतला गंज फिरवला. “हे तुमचं चोरीला गेलेलं लोह. हात लावून बघा. सुल्माने ते रोज घातलं. पेन मेलेलं होतं म्हणून ॲसिड कमी पडलं आणि लोह तळाला बसलं. रोपवाटिकेतली पिल्लं त्याच डब्यातलं लोह खाऊन हिरवी आहेत, कारण तिथे पेन नाही, थेंब आहेत. कुणाला शंका?”

“पेन खराब होतं तर तो अपघात झाला,” एल्बिओ पटकन म्हणाला. “चला, मिटलं. ठराव मागे घेऊ.”

“बस खाली!” माझा आवाज पन्हळींवरून घुमला. “तिचं खोकं दारात ठेवताना एवढी घाई केलीस, आता मिटवायचीही घाई? पानं मोजलीत मी. दुखणं दोन-तीन मार्चला सुरू झालं. पेनाच्या टोकात येर्बा अडकली होती. आपण एकोणीसही जण येर्बा पितो, पण त्या आठवड्यात पाण्याचे अंश मोजायची गरज एकालाच पडली होती. का, ते मी सांगणार नाही. ते त्याचं त्याने सांगावं.”

एल्बिओने थर्मास काखेत घट्ट दाबला.

“इथवर चूकच होती,” मी म्हटलं. “चुकीला मी माफ करते. पण दहा तारखेला इंजिनिअरने पट्टी वाचली, तेव्हा एकाने विचारलं, सत्तरच्या पाण्यात गेलं तर? आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी थर्मामीटर घ्यायला उभा राहिला. पेन वापरायचं त्याने थांबवलं. सुल्माला मात्र वापरू दिलं. ती येऊन म्हणाली की ॲसिड कमी लागतंय, तर तिला शाबासकी दिली. अकरापासून ठाऊक होतं तुला, एल्बिओ. आणि सतराला तू तिचं कपाट उपसलंस.”

एल्बिओने थर्मास टेबलावर ठेवला. त्याची काख रिकामी मी पहिल्यांदा पाहिली.

“वाटलं होतं, सुधारेल आपोआप,” तो म्हणाला. “म्हटलं, जरा गरम लागलं तर काय होतंय. मग मागणी गेली. एवढ्या मोठ्या मागणीचं... माझ्या हातून झालं म्हणून कसं सांगायचं? मला घशाचं दुखणं आहे. तपासणीचा निकाल यायचाय. डोकं ठिकाणावर नव्हतं.”

“डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला लिंबाचं झाड बरं दिसलं,” आदेमार म्हणाला. त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

ठराव पडला. अठरा हात सुल्माच्या बाजूने वर गेले, मग एकोणिसावा, एल्बिओचा. मला तेवढ्याने गार वाटेना. मी उभी राहून म्हटलं, “आता माझा ठराव. सभासद लारान्यागा यांना काढून टाका. आज, आत्ता. खोकं मी भरते.”

बरेच हात वर जायला लागले.

“थांबा,” सुल्मा म्हणाली. संध्याकाळभरात ती पहिल्यांदा बोलली होती. “काढू नका त्याला. या वयात कुठे जाईल तो, ते मला ठाऊक आहे. चार दिवस तोच विचार करत होते मी.”

“सुल्मा, मी तुझी माफी...” एल्बिओ उठला.

“इथे नको.” ती त्याच्याकडे सरळ बघत होती. “इथे या अठरा जणांनी पेले बघितले, गंज बघितला. त्यांना माहीत आहे. तू मला चोर इथे म्हणाला नव्हतास. गावात म्हणालास. उद्या रविवार. अकरा वाजता बेकरीत गर्दी असते. तिथे माग.”

“अगं, सगळ्यांसमोर...”

“सगळ्यांसमोरच म्हणाला होतास.”

६

रविवारी अकराला बेकरीत पाय ठेवायला जागा नव्हती. येर्बाबरोबर खायला गोड पाव हवेत, म्हणून सगळं गाव नंबराचा कागद हातात धरून उभं असतं. ओदिला होती, हार्डवेअरवाला होता, पाद्री होते. मी दाराशी उभी राहिले आणि कुणी मध्येच निघून जायला लागलं तर त्याला अडवायचं असं ठरवलं. सुल्मा सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभी होती, हातात तिचा नंबर.

एल्बिओ आला. थर्मास नव्हता, दाढी केली होती, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. तो काउंटरपाशी जाऊन वळला. बोलायला त्याला दोनदा घसा खाकरावा लागला.

“सुल्मा सिल्व्हेराने काही चोरलं नाही,” तो म्हणाला. “पेन मी बिघडवलं. मला ते माहीत होतं. तरी मी तिचं नाव घेतलं.”

ट्रेचा आवाज थांबला. ओदिला जमिनीकडे बघायला लागली. गर्दीतून सुल्माचा आवाज आला, स्वच्छ आणि कोरडा.

“पुन्हा म्हण, एल्बिओ. मागे ऐकू येत नाही.”